कौल कशाचा मागितला?

पत्र : मी ४७ वर्षांची आहे. आम्ही डोंबिवलीत राहतो. सासर कुडाळ तालुक्यातले असून घरातले कोणतेही महत्त्वाचे काम ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय होत नाही. मीही लहानपणापासून प्रत्येक प्रसंगी देवावरच भार टाकत आले. लॉकडाउनमध्ये यजमानांची नोकरी गेली तेव्हा देवानेच तारले. मी घरून मोदक आणि कुळथाचे पीठ विकून दीड वर्ष घर चालवले. या श्रावणात मला उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. ती दुखत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मॅमोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली. ती मी देव्हाऱ्यात ठेवली आहे. यजमानांनी गावी दिरांना फोन केला, त्यांनी देवळात जाऊन ‘जत्रेआधी ऑपरेशन करावे काय’ असे विचारले आणि डावा कौल (देवाचा नकार) मिळाला. म्हणजे मार्गशीर्षापर्यंत थांबायचे. सासूबाईंनी पाठवलेला अंगारा मी रोज गाठीवर लावते. मुलगी माझ्यावर रागावते. रात्री मला झोप लागत नाही. देवाने थांबायला सांगितले असताना तपासणीला गेले, तर आजवर त्याच्यावर ठेवलेला विश्वास खोटा ठरेल का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचे उत्तर शेवटापर्यंत राखून ठेवण्यासारखे नाही, म्हणून तेच आधी सांगते. ती चिठ्ठी देव्हाऱ्यातून काढा आणि याच आठवड्यात तपासणी करून घ्या. जत्रेची वाट पाहू नका. यापुढे मी जे लिहिणार आहे ते, तपासणीला जाताना देवाचा शब्द मोडल्याचे ओझे तुमच्या मनावर राहू नये, एवढ्यासाठीच आहे. ते पटले नाही तरी चालेल, पण तपासणी मात्र व्हायलाच हवी.

गाठीविषयी थोडे स्पष्ट बोलते. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. काही पाण्याने भरलेल्या असतात, काही नुसत्या तंतुमय असतात आणि त्यांतल्या अनेकांना काही करावेही लागत नाही. परंतु कोणती गाठ कोणत्या जातीची आहे हे नुसत्या हाताच्या स्पर्शाने, आणि तेही आपल्याच हाताच्या स्पर्शाने, ठरवता येत नाही. ‘दुखत नाही’ या दोन शब्दांवर तुम्ही तीन महिने काढले आहेत. पण न दुखणे हे निर्धास्त होण्याचे कारण नव्हे, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही. तपासणीचे टप्पे तीन आहेत. डॉक्टर हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी (स्तनाचे क्ष-किरण छायाचित्र) आणि गरज पडल्यास सोनोग्राफी होते, आणि तरीही शंका उरली तर त्या जागेला बधिर करून सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून तो तपासायला पाठवतात. ‘सुई लावली की पसरते’ असे तुम्हांला कोणी ना कोणी सांगेलच. या भीतीला आधार नाही. उलट, सुईची ती तपासणी झाली नाही, तर पुढचे सगळे अंदाजावर चालते. आणि समजा निदान नको तेच निघाले, तर ते लवकर निघाल्याने पडणारा फरक फार मोठा असतो : गाठ लहान असताना पुष्कळदा स्तन राखून नुसती गाठ काढता येते, उपचार सोसवतात आणि बरे होण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. आपल्याकडे अनेक स्त्रिया डॉक्टरांपर्यंत पोचतात त्या गाठ वाढल्यानंतर. त्यांतल्या पुष्कळजणी अज्ञानी नसतात. कोणी मुलीचे लग्न होण्याची वाट पाहत असते, कोणी भातकापणीची, कोणी जत्रेची.

आता कौलाविषयी. मी सावंतवाडीकडची आहे आणि माझे वडील गावच्या देवळात मानकरी होते, त्यामुळे पाषाणाला लावलेले ओले कळे (फुलांच्या पाकळ्या), गुरवाचा संथ आवाज, खाली बसलेल्या माणसांनी रोखून धरलेला श्वास आणि उजवा कळा पडल्याबरोबर मंडपभर सुटलेला निःश्वास, हे सारे मी लहानपणी पाहिले आहे. कळा कोणत्या बाजूने पडावा हे देवाच्या मनावर असते की पाकळीच्या ओलाव्यावर, या वादात आज मी शिरणार नाही. माझे याबाबतचे मत तुमच्यावर लादण्याची ही वेळ नव्हे. मला दिसते ते एवढेच की कौल ही आपल्याकडे गावाने मिळून करायच्या कामांची रीत आहे. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नसते. देवीचा कौल घेऊन मगच तारीख जाहीर होते आणि लाखो माणसे त्या तारखेप्रमाणे मुंबईहून गाड्या पकडतात. जत्रा कधी भरवावी, पालखी कधी निघावी, पारध कधी करावी, हे असले प्रश्न वाडीतल्या सगळ्यांनी एकमताने सोडवायचे, तर कोणाचीही बाजू न घेणारा एक आवाज लागतो आणि तो देवाचा असला की भांडण मिटते. एका बाईच्या अंगातली गाठ हा या जातीचा प्रश्न नाही.

तरीही तुम्ही कौल मानता, म्हणून तो नीट वाचून पाहू. दिरांनी ‘जत्रेआधी ऑपरेशन करावे काय’ असे विचारले. पण तुम्हांला ऑपरेशन सांगितले कोणी? डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे ती छायाचित्र काढण्याची. गाठ काय आहे हेच अजून ठाऊक नाही; ती निरुपद्रवी निघाली, तर ऑपरेशनचा विषयही निघणार नाही. म्हणजे देवाला विचारला गेला तो प्रश्न अजून जन्मालाच आलेला नव्हता, आणि जो प्रश्न समोर होता, तपासणी करावी की नाही, तो कोणी विचारलाच नाही. तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे पाहिले तरी तपासणीला गेल्याने कोणताही कौल मोडत नाही. हा वकिली मुद्दा वाटेल. पण जुने मानकरी प्रश्नातल्या एकेका शब्दाविषयी किती काटेकोर असत हे तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. वडील म्हणत, की देव विचारलेल्या गोष्टीचे उत्तर देतो, मनातल्या गोष्टीचे देत नाही.

मला त्याहून अधिक खटकले ते वेगळेच. तुमच्या पत्रात फोन यजमानांनी केला, देवळात दीर गेले, कळे गुरवाने लावले, अंगारा सासूबाईंनी पाठवला. जिच्या अंगात गाठ आहे ती बाई या सगळ्या मालिकेत कुठे होती? तुम्हांला काय वाटते हे कोणी विचारले, असा एक शब्द त्या पत्रात नाही. तुम्ही देवावर भार टाकला असे लिहिता. मला तर दिसते की तुमच्या वतीने इतरांनी तो टाकला आणि उत्तर तेवढे तुम्हांला कळवले. रात्री झोप न लागण्याचे कारण मला यात अधिक दिसते. ज्याने खरोखर देवावर सोपवलेले असते तो निदान झोपतो तरी.

कौल हा शब्द मुळात अरबी. अर्थ बोल किंवा वचन. देवळाबाहेरही तो आपल्या कारभारात पुष्कळ चालला. मराठा राज्यात पडीक जमीन लागवडीखाली आणायची असली, की सरकार कुणब्याला कौल देई : पहिली काही वर्षे सारा माफ किंवा अगदी हलका, मग वर्षावर्षाने चढता, ज्याला इस्तावा म्हणत. त्या कौलाच्या बदल्यात कुणब्याने कबुलायत लिहून द्यायची, की मी जमीन नांगरीन, पेरीन, गाव सोडून जाणार नाही. कौल मिळाला म्हणून कोणी बांधावर बसून राहत नसे. सरकारचे अभय पाठीशी असे, पण नांगराला हात कुणब्याचाच लागे. देवाच्या कौलाकडेही मला असेच पाहावेसे वाटते. त्याच्या बाजूने अभय, आपल्या बाजूने कबुलायत. तुमच्या घरात सध्या पहिलीच बाजू शिल्लक राहिली आहे.

आणि हे मी तुम्हांला नवीन शिकवते आहे असेही नाही, कारण तुमच्याच पत्रात ते लिहिलेले आहे. लॉकडाउनमध्ये देवाने तारले, असे म्हणून पुढच्याच वाक्यात तुम्ही सांगता की मोदक आणि कुळथाचे पीठ विकून मी दीड वर्ष घर चालवले. मोदकांच्या उकडीवर कोणाचा हात फिरत होता, पीठ कोण दळून आणत होते, इमारतीतल्या ओळखीपाळखीच्या बायकांना संकोच बाजूला ठेवून पहिला फोन कोणी केला होता? तुम्ही त्या वेळी देवाला सांगितले आणि शेगडी पेटवली. तेव्हा शेगडी पेटवण्याने विश्वास खोटा ठरला नाही, मग आता मॅमोग्राफीच्या यंत्रासमोर उभे राहण्याने तो का ठरावा? फरक एवढाच आहे की पैशाची चिंता बोलून दाखवता येत होती आणि ही भीती बोलता येत नाही. स्तनातली गाठ म्हटले की घरात सगळे आवाज खाली जातात. अशा वेळी ‘थांबा’ हा शब्द कोठूनही आला तरी सर्वांना हवासाच वाटतो. यजमानांनाही तो हवासा वाटला असेल, कारण तेही घाबरले आहेत. त्यांच्यावर मी दोष ठेवत नाही. मात्र भीतीने घेतलेल्या मुदतीला देवाची मुदत म्हणू नये, असे मला वाटते.

देव आणि वैद्यक यांच्यात निवड करायची असते, ही कल्पना आपल्या भाषेलाही मान्य नव्हती. पूर्वी आपल्याकडे एका भयंकर रोगाचे नावच ‘देवी’ होते. अंगावर फोड आले की घरात देवी आली असे म्हणत, कडुलिंबाचे डहाळे लावत, शीतलादेवीची पूजा करत. हिंदुस्थानात पहिली लस टोचली गेली ती १८०२ साली, मुंबईत, एका तीन वर्षांच्या मुलीला. पुढे गावोगाव टोचणारे फिरू लागले तेव्हा विरोध झाला, पोरे लपवली गेली. पण हळूहळू लोकांनी दंड पुढे केले आणि त्या टोचण्यालाही नाव दिले ते ‘देवी काढणे’. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. माहीमला शीतलादेवीचे देऊळ मात्र आजही आहे आणि तेथे ओटी भरायला बायका आजही जातात. माझ्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचा वण होता आणि तिच्या देव्हाऱ्यात शीतलादेवीचा टाकही होता. या दोहोंत काही विसंगती आहे असे त्या माउलीला मरेपर्यंत वाटले नाही.

तुमच्या पत्रात एक भीती सरळ लिहिलेली नसली, तरी ओळीओळींमागे आहे : अहवाल वाईट आला तर माझीच श्रद्धा कोठेतरी कमी पडली असे होईल. हे मनातून काढून टाका. मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. ते साल १३३८ मानतात. विठ्ठलाचे नाव ज्याच्या श्वासाश्वासात होते, त्याच्यावर भिंत पडू नये अशी व्यवस्था विठ्ठलाने केली नाही. पण गेल्या जवळजवळ सात शतकांत एकाही वारकऱ्याने ‘चोखोबांची भक्ती उणी होती म्हणून भिंत पडली’ असे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पंढरपूरच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे आणि माणसे तिच्यापुढे वाकूनच आत जातात. संकट येणे हे श्रद्धेच्या परीक्षेतले नापास होणे आहे, हा हिशेब आपल्या संतांचा नाही. तो कोठून आपल्या घरात शिरला कोण जाणे. आजार शरीराला होतो. ज्यांनी कधी देवाला हात जोडले नाहीत त्यांनाही होतो, आणि आयुष्यभर वारी केलेल्यांनाही होतो.

आता घरात कसे बोलावे याविषयी. यजमानांशी वाद घालू नका, आणि मुलीला पुढे करून तर मुळीच नको. तिचा राग प्रेमाचा आहे, पण त्यांना तो पोरीने शिकवलेला धडा वाटेल. रात्री जेवणे झाल्यावर त्यांना इतकेच सांगा : ‘ऑपरेशनचा कौल मी मोडत नाही. गाठ कसली आहे हे मला जाणून घ्यायचे आहे, कारण मला झोप येत नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला.’ शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. अनेक पुरुष नकार देतात ते केवळ आपण अशा वेळी काय करायचे हे त्यांना ठाऊक नसते म्हणून. बरोबर यायचे, फाइल धरायची, रांगेत उभे राहायचे असे काम दिले की ते उभे राहतात. आणि ते आले नाहीत, तर मुलीला घेऊन जा. यासाठी तुम्हांला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

सासूबाईंना मात्र वगळू नका. त्यांनी अंगारा पाठवला तो मायेनेच पाठवला. इतक्या लांबून त्यांच्या हातात दुसरे होते तरी काय? त्यांना आपणहून फोन करा आणि तपासणीच्या दिवशी देवळात तुमच्यासाठी गाऱ्हाणे घालायला सांगा. कौल मागताना आपण देवाला प्रश्न विचारतो. गाऱ्हाणे घालताना आपण निघालेल्या कामात त्याची सोबत मागतो. मला विचाराल तर आपल्या बाजूची खरी प्रार्थना हीच. आमचे वडील हर्नियाच्या ऑपरेशनला निघाले तेव्हा देवळातून परत येऊन आईला म्हणाले होते, ‘देवाक सांगान झाला, आता डॉक्टराक सांगया.’ सासूबाईंना शब्द सुचवायचे झाले, तर असे काहीसे सुचवा : ‘बा म्हाराजा, आज तुज्या लेकरान तपासणीक जावचा ठरवल्यान हा. तेच्या वाटेत जी काय इडापिडा आसात ती दूर कर, डॉक्टराच्या हाताक यश दी, आणि तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा.’ खाली बसलेली माणसे ‘होय म्हाराजा’ म्हणतील. त्या होकारात तुमचे दीरही असतील, आणि मग गावाकडून कोणी ‘का गेलीस’ असे विचारणार नाही. (हा थोडा कावा आहे हे मी कबूल करते, पण निरुपद्रवी आहे.)

खर्चाची चिंता तुम्ही लिहिलेली नाही, तरी यजमानांच्या मनात ती असणार. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी डोंबिवली-ठाण्यात होऊ शकते. त्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. पुढे उपचार लागलेच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात कर्करोगाचे उपचारही येतात. योजनेशी संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असे लिहिलेला कक्ष असतो. तेथे शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन गेल्यास पुढची कागदपत्रे तेच सांगतात. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून या एकाच रोगाशी झगडते आहे. तेथे गर्दी फार असते, परंतु निम्म्या देशातून माणसे तेथे येतात आणि तुम्ही लोकलच्या अंतरावर राहता, हेही लक्षात असू द्या. अर्थात हे सारे पुढचे. तपासणीत गाठ साधी निघाली, तर या परिच्छेदाचा तुम्हांला उपयोगच पडणार नाही, आणि तसेच व्हावे.

जाताना डॉक्टरांची चिठ्ठी न्या, आणि गाठ कधी लागली, ती वाढली का, माहेरी आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कोणाला असा आजार झाला होता का, हे एका कागदावर लिहून न्या. ऐन वेळी आठवत नाही. सलवार-कमीज किंवा साडी-ब्लाउज असा दोन भागांचा पोशाख बरा, कारण वरचे कपडे काढावे लागतात. तेथे स्त्री तंत्रज्ञ हवी असल्यास वेळ घेतानाच तसे सांगा. यंत्रात स्तन दाबला जातो तेव्हा काही क्षण दुखते, पण ते सोसण्याजोगे असते. उपवास करण्याची गरज नसते, म्हणून मंगळवार धरत असलात, तर त्या दिवशीही फराळ करून निघा. आणि एक गोष्ट विसरू नका : त्या दिवशी छातीला किंवा काखेत पावडर, अत्तर, मलम असे काहीही लावू नये, कारण त्याचे कण छायाचित्रात ठिपक्यांसारखे उमटू शकतात आणि डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. सासूबाईंचा अंगारा त्या सकाळी कपाळाला लावा. गाठीवर लावू नका.